विरोधकाच्या नावाची इमारत

आजची महात्मा फुले मंडई उभी राहूच नये, असे खुद्द जोतीराव फुल्यांचे मत होते. 1876 ते 1882 या काळात ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. शनिवारवाड्यापुढे उघड्यावर भरणाऱ्या भाजीबाजारासाठी लाखो रुपयांची इमारत बांधायचा घाट घातला गेला, तेव्हा हा पैसा आधी शिक्षणावर घाला, असे म्हणत ते आडवे आले. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागताला हजार रुपये द्यायलाही ज्याने नकार दिला, तो माणूस दगडी मनोऱ्याला काय भुलणार!

इमारत झालीच. आराखडा वॉल्टर ड्यूकाटचा. गॉथिक कमानी, मधोमध उंच अष्टकोनी मनोरा आणि भोवती फाकलेले गाळे. 1886 मध्ये ती खुली झाली आणि तेव्हाच्या गव्हर्नराच्या नावावरून ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे खाली भाजी आणि वर नगरपालिकेची कचेरी, असा संसार तिथे बरीच वर्षे चालला. वर झालेल्या ठरावांची चिरफाड खाली भाजीवाल्यांच्या गप्पांत, म्हणजे ‘मंडई विद्यापीठा’त होई, आणि ती वरच्या चर्चेपेक्षा खमंग असणार यात मला तरी शंका नाही. याच आवारात 1924 मध्ये मोतीलाल नेहरूंनी टिळकांच्या पुतळ्याचे अनावरण केले. गव्हर्नराच्या नावाचा बाजार आणि दारात लोकमान्य!

गव्हर्नराच्या नावाची ही पाटी उतरवली ती आचार्य अत्र्यांनी. 1930 च्या दशकाच्या अखेरीस ते नगरपालिकेत निवडून आले आणि त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. फुल्यांनी नाकारलेली वास्तू त्यांच्याच पदरात घालण्यात अत्र्यांची खोडी किती, हे तेच जाणोत. पण त्यांची निष्ठा पक्की होती. 1954 मध्ये त्यांनी ‘महात्मा फुले’ हा चित्रपटही काढला. पुढे घोले रस्त्यावरच्या लॉर्ड रे संग्रहालयालाही फुल्यांचेच नाव मिळाले.

हल्ली कुठलीही जुनी इमारत चकाचक करून तिचे बारसे करायला सल्लागार नेमतात. ते नावे गोड सुचवतात, पण मालकाला अडचणीचा ठरेल असा इतिहास आधी पुसतात. मंडईचे नाव मला मोलाचे वाटते ते उलट कारणाने: त्या नावातच इमारतीवरचा आक्षेप आहे. महापालिकेने मंडईच्या दर्शनी भागात, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशा अक्षरांत, फुल्यांचा तो विरोध कोरून लावावा.