मथळा आपला, कात्री गूगलची

वेबसाइटची शीर्षकं आणि वर्णनं लिहिणाऱ्याचा दिवस सर्च कन्सोल हे शोधातली कामगिरी दाखवणारं गूगलचं साधन उघडून सुरू होतो. पान शोधात पूर्वीइतकंच दिसतंय, क्रमांकही हललेला नाही, तरी क्लिक घसरलेत. मग तेच शब्द गूगलवर टाकून बघायचं. पुष्कळदा तिथे भलताच मथळा सापडतो. पानाच्या कोडमधल्या शीर्षकाच्या जागी, म्हणजे टायटल टॅगमध्ये, तासभर घासून लिहिलेली ओळ गायब, तिच्या जागी पानावरच्या मोठ्या टायपातलं काहीतरी.

ऑगस्ट २०२१ मध्ये गूगलने शीर्षकं ठरवण्याची पद्धत बदलली, तेव्हा हे एकदम डोळ्यावर आलं. साइटवाल्यांनी ओरड केली. पुढच्याच महिन्यात गूगलने खुलासा केला: मूळ टायटल टॅग आता सुमारे ८७ टक्के वेळा वापरला जातो, पूर्वी हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास होतं. बदललं काय जातं, त्याची उदाहरणंही दिली. नुसतं साइटचं नाव असलेलं अर्धवट शीर्षक, पानोपानी चिकटवलेली एकच ओळ, किंवा पानावर यंदाचे प्रवेश आणि टॅगमध्ये गेल्या वर्षीचा आकडा. खरं सांगायचं तर यातलं बरंचसं आळसाचं फळ होतं.

वर्णनाच्या बाबतीत मात्र राबणाऱ्यांची कीव यावी. डिसेंबर २०१७ मध्ये निकालाखालचा मजकूर तीनशे अक्षरांच्या पुढे गेला. लोकांनी शेकडो पानांची वर्णनं ताणून लांब केली. मे २०१८ मध्ये तो पुन्हा दीडशे-एकशेसाठवर आला! आणि या मजकुराने क्रमांक वर जातो म्हणावं, तर तेही नाही. सप्टेंबर २००९ मध्येच गूगलने सांगून टाकलं होतं की क्रमवारीत वर्णन धरलं जात नाही, कीवर्ड टॅग तर नाहीच. नव्वदच्या दशकात त्या टॅगमध्ये लोकांनी वाट्टेल ते शब्द कोंबले होते, त्याची ही परिणती. तरी ‘कीवर्ड भरा’ म्हणणारे ग्राहक आजही भेटतात.

मराठी पानांचा गुंता आणखी वेगळा. लांबी मोजणारी बरीच साधनं युनिकोडची चिन्हं मोजतात. ‘महाराष्ट्र’ वाचताना चारच अक्षरं दिसतात. साधनाच्या हिशेबात ती दहा, कारण काना, हलन्त सगळं सुटं धरलं जातं. शीर्षक कापलं जातं ते मात्र पडद्यावरच्या रुंदीनुसार. साधनाने ‘फार लांब’ म्हणून लाल केलेली ओळ निकालात आरामात मावते.

त्यामुळे मुरलेला माणूस त्या लाल रंगाकडे काणाडोळा करतो आणि फोनवर, मग लॅपटॉपवर निकाल स्वतः बघतो. ‘रायगड रोपवे: वेळ आणि तिकीट’ हे आधी, साइटचं नाव सगळ्यात शेवटी, कापायचंच तर ते कापलं जावं म्हणून.