'मेदूझचा तराफा': एका चित्राची घडण

२ जुलै १८१६ रोजी 'मेदूझ' ही फ्रेंच युद्धनौका आजच्या मॉरिटानियाच्या किनाऱ्यालगत उथळ पाण्यात वाळूत रुतली. होड्या पुरेनात, म्हणून डोलकाठ्या आणि फळ्या दोरांनी बांधून तराफा केला आणि सुमारे दीडशे माणसे त्यावर चढवली. होड्यांनी तो किनाऱ्याकडे ओढत न्यायचा होता; थोड्याच वेळात दोर सोडून दिले गेले. १३ दिवसांनी 'आर्ग्युस' जहाजाने तराफा गाठला, तेव्हा त्यावर १५ जण जिवंत होते.

चित्रकार थिओदोर जेरिकोला ही कथा चित्रात आणायची होती, पण तिच्यातली नेमकी कोणती घटका? तराफ्यावरचे बंड, माणसाने माणसाचे मांस खाणे, सुटका असे सगळे प्रसंग त्याने रेखाटून पाहिले. अखेर निवडला तो क्षण असा: 'आर्ग्युस' क्षितिजावर दिसते आहे, पण तराफा अजून तिच्या नजरेस पडलेला नाही. प्रत्यक्षातही ते जहाज आधी दिसेनासे झाले आणि दोन तासांनी परतले. चित्राचा सारा ताण या निवडीत आहे.

वाचलेल्यांपैकी कोरेआर आणि साविन्यी यांच्याकडून त्याने खोदून खोदून माहिती घेतली. 'मेदूझ'वरच्या सुताराने त्याला तराफ्याची लहान प्रतिकृती करून दिली. मृत कातडीचा रंग कसा पालटतो हे कळावे म्हणून तो रुग्णालयात जाई; तोडलेले अवयवही त्याने चित्रशाळेत आणून ठेवले. तरुण चित्रकार दलाक्रवा एका पालथ्या देहासाठी नमुना म्हणून बसला.

मोठ्या कॅनव्हासवर आकृत्यांची बाह्यरेषा काढून झाली की जेरिको एकेक देह समोर नमुना ठेवून थेट पांढऱ्या पृष्ठावर रंगवी आणि तो पुरा करूनच पुढच्याकडे वळे. तेल लवकर वाळणारे असल्याने हात थांबवून चालत नसे. उपासमारीने खंगलेली माणसे इतकी पिळदार कशी, हा आक्षेप तथ्याला धरून आहे. पण खालच्या प्रेतांपासून वर कापड हलवणाऱ्या कृष्णवर्णीय माणसापर्यंत चढत जाणारी ओढ त्या स्नायूंनीच पेलली आहे. सुमारे ४.९ बाय ७.२ मीटरच्या या पटावर 'आर्ग्युस' मात्र एक ठिपका आहे.

१८१९ च्या सालों या पॅरिसच्या कलाप्रदर्शनात ते नुसते 'जहाजफुटीचे दृश्य' या नावाने मांडले गेले. आता ते लूव्र संग्रहालयात आहे. रंगात मिसळलेले डांबर काळवंडत गेल्याने बरेच बारकावे बुजले आहेत. १८५९-६० मध्ये केलेली पूर्णाकृती नक्कल आमियाँ येथील संग्रहालयात आहे.