बाल्कनीवरील छप्पर: काही रूढ गैरसमज

धारवाडच्या सप्तापूर भागात जसजशा सदनिकांच्या इमारती वाढल्या, तसतसा सर्वांत वरच्या मजल्यावरील कुटुंबांपुढे दर वैशाखात एक प्रश्न नव्याने उभा राहू लागला आहे. बाल्कनीवर स्लॅब नाही, उन्हाने फरशी पाय टेकवू देत नाही, वळवाचा पाऊस आडवा येऊन दाराची चौकट फुगवतो. तेव्हा बाल्कनीवर एखादे छप्पर का घालू नये? इच्छा सर्वस्वी रास्त आहे; परंतु तिच्याभोवती जे समज रूढ झाले आहेत, त्यांतील बहुतेक तपासून पाहिल्यावर टिकत नाहीत.

पहिला समज मालकीचा. बाल्कनी माझ्या खरेदीखतात आहे, म्हणून तिच्यावरची मोकळी जागाही माझीच, असे पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटते. बाल्कनीचा उपयोग करण्याचा हक्क सदनिकाधारकाचा असतो, हे खरे. परंतु ज्या इमारतींचे घोषणापत्र कर्नाटकाच्या १९७२ च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेले आहे, तेथे मुख्य भिंती, तुळया, खांब आणि गच्ची ही सर्वांच्या समाईक मिळकतीची अंगे मानली जातात, आणि छपराची चौकट जेथे जखडावयाची ती भिंत नेमकी याच सदरात मोडते. म्हणून सदनिकाधारकांच्या संघाच्या सभेत लेखी अर्ज द्यावा, सोबत नकाशा जोडावा आणि ठराव होऊन संमती मिळाल्यावरच कारागिराला बयाणा द्यावा.

‘नुसता पत्रा आहे, बांधकाम थोडेच आहे’ हा दुसरा समज. महानगरपालिकेच्या दप्तरी इमारतीचा जो मंजूर नकाशा असतो, त्यात उघडी दाखविलेली जागा कायमची आच्छादित करणे हा त्या नकाशात केलेला फेरबदल ठरू शकतो. आणि १९७६ च्या कर्नाटक महानगरपालिका अधिनियमाच्या ३२१ व्या कलमान्वये विनापरवाना कामाबद्दल नोटीस देऊन, खुलासा मागवून, ते पाडण्याचा हुकूम देण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. ‘पुढे अक्रम-सक्रममध्ये नियमित करून घेऊ’ असे सांगणारे हितचिंतकही भेटतात. परंतु अनधिकृत बांधकामे नियमित करण्याच्या त्या सरकारी योजनेला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये स्थगिती दिली होती, एवढे लक्षात घेतले तरी तिच्या भरवशावर पैसा गुंतवणे शहाणपणाचे नाही, हे उघड आहे. काम सुरू करण्यापूर्वी महापालिकेच्या नगररचना विभागात लेखी विचारणा करावी.

तिसरा समज सर्वांत घातक आहे, म्हणून त्याचा विचार थोडा सविस्तर केला पाहिजे. पत्रा हलका, तेव्हा भीती कसली, असे म्हटले जाते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे चार किलो, म्हणजे सहा चौरस मीटरच्या छपराला चोवीस किलो. चौकट धरली तरी हा भार मोठा नव्हे. (हौसेने मंगळुरी कौले घालू पाहणाऱ्यांनी मात्र हिशेब निराळा करावा, कारण तेथे चौरस मीटरला तीस किलोंहून अधिक वजन येते आणि पावसात भिजल्यावर ते आणखी वाढते.) परंतु खरा प्रश्न खाली दाबणाऱ्या भाराचा नसून वर उचलणाऱ्या वाऱ्याचा आहे. ताशी ९० किलोमीटर वेगाच्या झोताचा दाब चौरस मीटरला सुमारे ३८ किलो, म्हणजे तेवढ्याच छपरावर सव्वादोनशे किलोंच्या घरात जातो. आणि तीन बाजूंनी उघड्या छपराखाली वारा शिरला की ते उलट्या धरलेल्या छत्रीसारखे वर ओढले जाते. अशा वेळी छपराचा हलकेपणा हाच त्याचा दोष ठरतो, आणि त्याला धरून ठेवण्याचे सारे काम चार-सहा अँकर बोल्टांवर येऊन पडते. हे बोल्ट गिलाव्यात किंवा पोकळ ब्लॉकच्या भिंतीत ठोकलेले असतील तर ते उपटून निघतात. ते काँक्रीटच्या तुळईत वा खांबातच गेले पाहिजेत. रेलिंगला चौकट वेल्ड करणे हा सोपा दिसणारा मार्ग सर्वथा त्याज्य होय, कारण रेलिंग माणसाच्या टेकण्यासाठी घडविलेले असते, वादळ पेलण्यासाठी नव्हे. पुढे आलेल्या बाल्कनीच्या कडेवर नवे खांब उभे करण्यापूर्वी तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय घेतलाच पाहिजे. फॅब्रिकेटरचा अनुभव कितीही दांडगा असला तरी स्लॅबच्या पोटातील सळयांची मांडणी त्याला बाहेरून दिसत नाही.

पॉलीकार्बोनेट ‘आयुष्यभर’ टिकते, असेही ऐकू येते. त्याच्या बहुतेक पत्र्यांवर अतिनील किरण अडविणारा थर एकाच बाजूस असतो. ती बाजू उन्हाकडे न ठेवता उलटी बसविली की थोड्याच वर्षांत पत्रा पिवळा आणि ठिसूळ होतो. शिवाय तापमानात चाळीस अंशांचा फरक पडला तर तीन मीटरचा पत्रा जवळजवळ आठ मिलिमीटर लांबीने वाढतो-आटतो; म्हणून भोके स्क्रूच्या जाडीहून मोठी ठेवून वर रबरी वॉशर बसवावे लागते. घट्ट आवळलेला पत्रा भोकांपाशीच तडकतो.

राहिला पाण्याचा प्रश्न. तासाला पन्नास मिलिमीटर पाऊस झाला तर सहा चौरस मीटरांच्या छपरावरून तीनशे लिटर पाणी खाली येते, आणि ते पन्हळीवाचून सोडले तर त्याच्या पागोळ्या खालच्या शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतात. समाईक इमारतीतील पुष्कळ तक्रारींचा उगम येथेच असतो. तेव्हा पन्हळ आणि नळ अंदाजपत्रकातच धरावेत, आणि तो नळ सांडपाण्याच्या वाहिनीस न जोडता पावसाळी पाण्याच्या वाटेला लावावा. छपराचा पुढावा ठरविताना मृगाच्या पावसाचाच विचार करून भागत नाही. आषाढातील झडी पश्चिमेकडून येतात, परंतु वळवाचे ढग आणि परतीचा पाऊस पुष्कळदा पूर्वेकडून चाल करतात. पूर्वाभिमुख बाल्कनीचे छप्पर जूनमध्ये पुरेसे वाटले, तरी दसऱ्याच्या सुमारास तेच अपुरे पडते.