लेन्सच्या डबीतून पाणी हद्दपार होताना

काँटॅक्ट लेन्स स्वच्छ ठेवण्याच्या पद्धती गेल्या साठ-पासष्ट वर्षांत अनेकदा बदलल्या, पण बदलाची दिशा एकच राहिली : नळाचे पाणी लेन्सपासून आणि तिच्या डबीपासून लांब ठेवणे. आधी पाणी हेच सफाईचे साधन होते. मग ते मीठ घालून, तापवून वापरले जाऊ लागले, त्यानंतर त्याची जागा बाटलीतल्या सोल्युशनने घेतली, आणि आज लेन्सला ओला हातही लावू नये असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. टिटवाळ्याच्या रहिवाशाचा याच्याशी जवळचा संबंध आहे. काळू नदीकाठचे हे महागणपतीचे गाव कल्याण-डोंबिवली महापालिकेत मोडते. इथे नदीतून उचललेले पाणी शुद्धीकरण केंद्रातून सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पडते, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि मग नळाला येते. पाणी बंद असेल त्या दिवशी ते पिंपातून तांब्याने घ्यावे लागते. लेन्सची डबी विसळायला नेमके हेच पाणी हाताशी असते.

पहिल्या लेन्स काचेच्या होत्या. झुरिकमध्ये काम करणाऱ्या आडोल्फ फिक या जर्मन डॉक्टरने १८८८ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. डोळ्याचा पांढरा भागही झाकणाऱ्या त्या जाड काचा काही तासांपलीकडे सोसवत नसत. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या केव्हिन टुओही यांनी फक्त बुबुळावर बसणारी, कडक प्लास्टिकची छोटी लेन्स केली. हे प्लास्टिक पाणी शोषत नसल्याने त्यावरचा मळ वरच्यावर पुसला जाई. कोणी ती नळाखाली धरी, कोणी चक्क तोंडात घालून ओली करी. त्यात धोका होताच, पण लेन्सच्या आत काही मुरत नसल्याने तो बराचसा झाकला गेला.

खरी अडचण मऊ लेन्सने आणली. प्रागमधले रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांनी १९६१ च्या नाताळात घरच्या टेबलावर, मुलांच्या मेर्कूर या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनामो जोडून एक यंत्र उभे केले. फिरत्या साच्यात ओतलेल्या द्रवापासून त्यांनी पाणी धरून ठेवणाऱ्या लेन्स तयार केल्या. पुढे हे तंत्र अमेरिकेतल्या बॉश अँड लॉम्ब कंपनीकडे गेले आणि १९७१ मध्ये तिथल्या सरकारी औषध यंत्रणेने मऊ लेन्सच्या विक्रीला परवानगी दिली. त्या लेन्सच्या वजनात सुमारे ३८ टक्के पाणी असे. त्यामुळे ती डोळ्यात टोचत नव्हती, पण पाण्याबरोबर अश्रूंतली प्रथिने, औषधे, हाताचा साबण असे पुष्कळ काही धरून ठेवत होती. कडक लेन्सची जंतुनाशके तिला चालेनात. ती लेन्सच्या अंगात मुरत आणि दिवसभर डोळ्यात झिरपत राहत.

म्हणून उष्णतेचा आधार घेतला गेला. रोज रात्री मिठाच्या पाण्यात बुडवलेली लेन्स विजेच्या छोट्या उपकरणात ऐंशी अंशांच्या आसपास तापवायची. जंतू मरत, पण लेन्सवरची प्रथिने त्याच उष्णतेने घट्ट चिकटत. लेन्स पिवळट, खरखरीत होई आणि पापणीच्या आतल्या बाजूला पुरळासारखे उंचवटे येत. त्यावर तोड म्हणून आठवड्यातून एकदा वापरायच्या गोळ्या आल्या. त्यांतल्या काहींमध्ये पपईच्या चिकातले पपेन होते. मटण शिजवताना कच्ची पपई घालणाऱ्याला हा गुण सांगायला नको : ते प्रथिने मोडते.

मिठाचे पाणी घरीच बनवण्याची पद्धत मात्र महागात पडली. मिठाच्या गोळ्या स्वस्त असत. त्या ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवायच्या असत, पण हे पाणी जंतुमुक्त असेलच असे नव्हते, आणि काही जण सरळ नळाचेच पाणी घेत. १९८५-८६ च्या सुमारास अमेरिकेत अकांथअमीबा या एकपेशीय जीवामुळे बुबुळाला संसर्ग झालेले रुग्ण अचानक वाढले. त्यांतले बहुतेक लेन्स वापरणारे होते, आणि घरी केलेल्या मिठाच्या पाण्याचा संबंध तपासणीत पुन्हा पुन्हा दिसला. हा जीव माती, नदी, विहीर, टाकी, नळ अशा सगळ्या ठिकाणी राहतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो दुहेरी भिंतीचे कवच करून आत पडून राहतो, आणि पिण्याच्या पाण्यात असते तेवढ्या क्लोरीनने हे कवच भेदले जात नाही. पोटात गेलेला अकांथअमीबा सहसा काही करत नाही. लेन्सच्या आड अडकून बुबुळावरच्या सूक्ष्म ओरखड्यात शिरला, तर मात्र तो महिनोन्‌महिने ठाण मांडतो.

१९८० च्या दशकात तापवण्याची पद्धत मागे पडली. सुरुवातीच्या रासायनिक सोल्युशनमधल्या पाऱ्याच्या संयुगाची अनेकांना अॅलर्जी होई. तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची पद्धत त्यामानाने निर्धोक ठरली : डबीतल्या प्लॅटिनमच्या चकतीमुळे सहाएक तासांत पेरॉक्साइडचे पाणी आणि प्राणवायू होतो आणि जंतुनाशक मागे उरत नाही. वेळ पूर्ण होण्याआधी लेन्स घातली, तर डोळ्याची आग आग होते, म्हणून या बाटलीचे टोक लाल ठेवतात. दशकाच्या अखेरीस मोठ्या रेणूंची जंतुनाशके आली. ती मऊ लेन्सच्या अंगात सहज शिरत नव्हती. मग धुणे, निर्जंतुक करणे आणि साठवणे ही तिन्ही कामे एकाच बाटलीवर आली.

भारतातल्या शहरांत मऊ लेन्सचा प्रसार झाला तो प्रामुख्याने १९९० च्या दशकात, बॉश अँड लॉम्बने राजस्थानात भिवाडीला कारखाना काढल्यानंतर. त्यामुळे तापवण्याचा टप्पा इथल्या बहुतेकांनी पाहिलाच नाही. लेन्स आली ती बाटलीसोबतच. पाण्याविषयीचा इशारा मात्र लेन्सच्या आधीपासून इथे होता. दक्षिण भारतातल्या डॉक्टरांनी १९९० साली ज्या अकांथअमीबाच्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ते लेन्स वापरणारे नव्हतेच. भारतात आजही या आजाराचे बहुसंख्य रुग्ण डोळ्यात माती, काडीकचरा किंवा गढूळ पाणी गेल्याने आजारी पडलेले असतात. ज्या देशात नुसत्या पाण्याने हा संसर्ग होतो, तिथे डोळ्यात लेन्स असताना बेफिकीर राहणे अधिकच घातक आहे.

सोल्युशन आले म्हणून प्रश्न मिटला नाही, हे २००६ ने दाखवले. बॉश अँड लॉम्बच्या ‘रेन्यू विथ मॉइश्चरलॉक’ या सोल्युशनशी जोडलेला फ्युझेरियम बुरशीचा संसर्ग सिंगापूर, हाँगकाँग आणि अमेरिकेत आढळला. अमेरिकेतच १६४ रुग्णांची खात्री झाली आणि मे २००६ मध्ये ते सोल्युशन जगभरातून मागे घेतले गेले. वर्षभरातच, मे २००७ मध्ये, अकांथअमीबाच्या रुग्णांमुळे ‘कम्प्लीट मॉइश्चरप्लस’ हे दुसरे सोल्युशन मागे घ्यावे लागले. दोष सोल्युशनच्या घडणीत होता, पण वापरणाऱ्याची एक सवयही तपासात पुढे आली : डबीतले कालचे सोल्युशन न ओतता त्यावर आजचे थोडेसे घालणे. जंतुनाशकाची ताकद कालच खर्ची पडलेली असते. वरून घातलेले चार थेंब पातळ होतात, जंतू मात्र तगतात. २००० सालच्या आसपास ‘चोळण्याची गरज नाही’ अशी जाहिरात करणारी सोल्युशन आली होती; या दोन घटनांनंतर तज्ज्ञांनी लेन्स चोळण्याचा आग्रह पुन्हा धरला. जाहिरातीने सोडवलेली ही सवय परत लावणे अवघड गेले.

टाकीचा मुद्दाही याच काळात पुढे आला. अकांथअमीबाचा आजार ब्रिटनमध्ये अमेरिकेपेक्षा जास्त का, याचा शोध घेताना संशोधकांचे लक्ष ब्रिटिश घरांच्या माळ्यावरच्या साठवणीच्या टाक्यांकडे गेले. साचलेल्या पाण्यात शेवाळ आणि जंतूंचा बुळबुळीत थर धरतो, आणि त्या थरावर अकांथअमीबा पोसला जातो. टिटवाळा, कल्याण, डोंबिवलीतल्या जवळपास प्रत्येक इमारतीवर टाकी आहे. दुरुस्तीसाठी मोहिली, बारावे, नेतिवली किंवा टिटवाळ्याचे जलशुद्धीकरण केंद्र बंद राहिले की टाकीचा तळ गाठला जातो आणि बसलेला गाळ ढवळून नळाला येतो. पावसाळ्यात नदीच गढूळ असते. याचा अर्थ महापालिकेचे पाणी पिण्यायोग्य नाही असा नव्हे. प्यायला चांगले असलेले पाणीही लेन्सला चालत नाही; घरच्या फिल्टरचे, उकळून गार केलेले किंवा विकतच्या बाटलीतलेही नाही.

आजची मान्य पद्धत बेसिनपाशी दोन-तीन मिनिटांत उरकते, पण तिचा क्रम चुकवून चालत नाही. हात साध्या साबणाने धुवावेत आणि लव न सुटणाऱ्या कपड्याने पूर्ण कोरडे करावेत. इथे पाण्याचे काम संपले. रोज उजव्या डोळ्यापासूनच सुरुवात केली, तर अदलाबदल होत नाही. बोटाच्या टोकावर लेन्स उभी धरून पाहावी : कडा वाटीसारख्या सरळ वर जात असतील तर ती सुलटी, काठ बाहेर पसरलेले दिसले तर उलटी. काढलेली लेन्स तळहाताच्या खोलगट भागात ठेवून तिच्यावर सोल्युशनचे थेंब टाकावेत आणि तर्जनीच्या मांसल भागाने ती मागेपुढे चोळावी, नख लागू न देता. मग दुसरी बाजू. सुटलेला मळ सोल्युशनच्याच धारेने धुऊन टाकावा आणि ताज्या सोल्युशनने भरलेल्या डबीत लेन्स बुडवावी. सकाळी लेन्स घातल्यावर डबी ओतून, सोल्युशनने विसळून, स्वच्छ कागदाने पुसून, तोंड खाली करून वाळवावी. अनेकांचे दुर्लक्ष होते ते इथेच. ओल्या डबीत दिवसभर जो थर धरतो, तो रात्री लेन्सला चिकटतो. डबी तीन महिन्यांनी टाकून द्यावी आणि उघडलेली बाटली वेष्टनावर दिलेल्या मुदतीपलीकडे वापरू नये, मग तळाशी कितीही उरलेले असो.

टिटवाळ्याहून मुंबईला नोकरीला जाणाऱ्याच्या डोळ्यात लेन्स बारा-चौदा तास राहते. परतीच्या लोकलमध्ये लागणारी डुलकीही झोपच असते. पापणी मिटल्यावर बुबुळाला मिळणारा प्राणवायू कमी होतो आणि लेन्समुळे आणखी घटतो. अमेरिकेत १९८१ मध्ये तीस रात्री सलग लेन्स घालायला मुभा दिली होती. झोपेत लेन्स ठेवणाऱ्यांना संसर्गाचा धोका कित्येक पट असल्याचे दिसल्यावर १९८९ मध्ये ती सात रात्रींवर आणली गेली. लांबच्या प्रवासाला चष्म्याचे घर आणि छोटी बाटली पिशवीत असणे म्हणूनच आवश्यक आहे. लोकलमध्ये खाली पडलेली लेन्स स्टेशनच्या नळावर धुऊन पुन्हा घालणे सर्वांत वाईट. खडवलीला भातसा नदीत उतरताना, पावसात भिजताना आणि अंघोळीच्या वेळीही लेन्स काढलेली बरी. करोनाच्या काळात आणखी एक सवय लागली, हाताला सॅनिटायझर चोळून लेन्स हाताळण्याची. त्यातला अल्कोहोल लेन्समध्ये मुरून बुबुळाला भाजतो, शिवाय अकांथअमीबाचे कवच त्याला दाद देईलच असे नाही.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर आलेल्या रोज फेकायच्या लेन्सनी डबी आणि बाटली दोन्ही वगळली. खर्च परवडत असेल तर आज हाच सर्वांत सुरक्षित मार्ग आहे, मात्र एकदा काढलेली लेन्स पुन्हा घालायची नाही आणि हात धुण्यातून सुटका नाही. बुबुळ शंकूसारखे पुढे येण्याच्या विकारात लागणाऱ्या, प्राणवायू आत सोडणाऱ्या कडक लेन्स मात्र वर्षानुवर्षे वापरल्या जातात. त्यांची सोल्युशन वेगळी असतात, आणि त्या नळाखाली विसळण्याचा जुना सल्लाही आता मागे पडला आहे.

डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, दुखणे वाढत चालले किंवा धूसर दिसू लागले, तर लेन्स ताबडतोब काढावी. ‘डोळे आले’ असे समजून दुकानातून थेंब आणणे धोक्याचे आहे. त्यांत स्टिरॉइड असेल तर दुखणे दबते आणि संसर्ग पसरतो. लेन्स फेकू नये. डबी आणि बाटलीसकट ती त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्यावी, कारण बुबुळावरून खरवडून घेतलेल्या नमुन्याबरोबर त्यांचीही प्रयोगशाळेत तपासणी करता येते. जिवाणूंचा संसर्ग एक-दोन दिवसांत बुबुळाला भोक पाडण्यापर्यंत जाऊ शकतो, आणि बरा झाला तरी मागे फूल पडू शकते. अकांथअमीबा सावकाश वाढतो, पण त्यावरचे उपचार महिनोन्‌महिने चालतात. सुरुवातीला रात्रंदिवस दर तासाला थेंब घालावे लागतात, आणि त्या थेंबांतले एक औषध म्हणजे लेन्सच्या काही सोल्युशनमधलेच जंतुनाशक, कितीतरी पट तीव्र केलेले.