तेलाचे कूळ आणि मूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे म्हणतात. खनिज तेलाच्या बाबतीत मात्र दोन्ही शोधावे लागते. नैऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर गोव्याच्या किनाऱ्यावर येऊन पडणारे काळे, चिकट डांबरगोळे हे त्याचे बोलके उदाहरण. त्यांच्यामुळे किनारे विद्रूप होतात, मच्छीमारांची जाळी बरबटतात आणि पर्यटक पाठ फिरवतात. हे तेल येते कोठून? भर समुद्रात टाक्या धुणाऱ्या तेलवाहू जहाजांतून, की मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरील ‘मुंबई हाय’ तेलक्षेत्रातून? भूरसायनशास्त्राने या प्रश्नाचे उत्तर शोधले आणि दोन वेळच्या गोळ्यांसाठी ते वेगवेगळे निघाले.

रेणूंमध्ये दडलेली ओळख

कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या वा सरोवराच्या तळाशी सूक्ष्म जीव आणि वनस्पतींचे अवशेष गाडले गेले. उष्णता आणि दाबामुळे त्यांचे तेल झाले. पण काही रेणूंचा मूळ सांगाडा टिकून राहिला. १९३०च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड ट्रायब्स यांना खनिज तेलात हरितद्रव्याशी नाते सांगणारी पॉर्फिरिन संयुगे आढळली आणि तेलाचा उगम सजीवांत असल्याचा भक्कम पुरावा मिळाला. अशा रेणूंना आज जैवचिन्हके म्हणतात.

‘होपेन’ हे रेणू प्रामुख्याने जिवाणूंची, तर ‘स्टेरेन’ हे शैवाल आणि वनस्पतींची खूण सांगतात. प्रत्येक तेलात त्यांचे परस्परप्रमाण वेगळे असते. हाच त्या तेलाचा ठसा. समुद्रात सांडलेल्या तेलातील हलके घटक उडून जातात, काहींचा फडशा जिवाणू पाडतात. होपेनसारखे चिवट रेणू मात्र दीर्घकाळ तग धरतात. त्यामुळे अनेक दिवस लाटांवर भरकटलेल्या डांबरगोळ्याचीही ओळख पटवता येते.

वय कसे ठरते?

पुरातत्त्वशास्त्रातील कार्बन-१४ ची पद्धत येथे निरुपयोगी ठरते. या कार्बनचे अर्धायुष्य केवळ ५,७३० वर्षे असल्याने सुमारे ५० हजार वर्षांनंतर मोजण्याइतका तो उरतच नाही. म्हणून जैवचिन्हकांचीच मदत घेतली जाते. ‘ओलिएनेन’ हा रेणू सपुष्प वनस्पतींपासून आलेला मानला जातो. या वनस्पतींचा प्रसार क्रिटेशियस काळात, म्हणजे साधारण साडेचौदा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या कालखंडात झाला. साहजिकच ज्या तेलात ओलिएनेन विपुल आहे, त्याचा मूळ खडक त्याहून जुना असण्याची शक्यता फारच कमी. सौदी अरेबियातील बरेचसे तेल त्याआधीच्या ज्युरासिक काळातील खडकांत जन्मले, तर आग्नेय आशियातील अनेक तेलांत ओलिएनेन भरपूर आढळते. मात्र ओलिएनेन सापडले नाही म्हणजे तेल जुनेच, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही.

मूळ खडकाचे वय आणि प्रत्यक्ष तेल तयार झाल्याचा काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी शोधण्यासाठी ऱ्हेनियम-ऑस्मियम घड्याळ वापरतात. ऱ्हेनियम-१८७ चे अर्धायुष्य सुमारे ४,१६० कोटी वर्षे आहे. त्याच्या आधारे कॅनडातील अल्बर्टाच्या तेलवाळूतील तेल सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वी तयार झाले, असा निष्कर्ष २००५ मध्ये मांडण्यात आला.

१९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने शोधलेल्या मुंबई हायच्या तेलाचा प्रमुख मूळ खडक ‘पन्ना’ नावाच्या थरात आहे. दख्खनच्या कातळावर साचलेला हा थर साधारण पाच ते सहा कोटी वर्षांपूर्वीचा असून त्यात जमिनीवरील वनस्पतींचे अवशेषही आहेत.

दोन तपास, दोन उत्तरे

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी गोव्याच्या किनाऱ्यावरील डांबरगोळ्यांची तुलना मुंबई हायच्या तेलाशी, तसेच मध्यपूर्व आणि आग्नेय आशियातील तेलांच्या उपलब्ध माहितीशी केली. केवळ जैवचिन्हकांवर निर्णय होईना, तेव्हा निरनिराळ्या रेणूंतील कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाणही मोजले गेले. २०१०-११ मधील गोळे मुंबई हायचे नसून टाक्या धुताना सोडलेल्या आग्नेय आशियाई तेलाचे असल्याचे त्यातून दिसले. त्यामुळे सारा दोष परदेशी तेलावर टाकणे सोपे होते. परंतु मे २०१३ मध्ये नऊ किनाऱ्यांवरून गोळा केलेल्या नमुन्यांनी वेगळीच साक्ष दिली. त्यांचे नाते मुंबई हायच्या तेलाशी जुळले. तेलक्षेत्रेही या प्रदूषणास हातभार लावू शकतात, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

या पुराव्याची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. तेल कोणत्या क्षेत्रातले, हे रेणू सांगतात. ते कोणी आणि केव्हा सांडले, हे सांगत नाहीत. त्यासाठी वारे, सागरी प्रवाह आणि जहाजांच्या मार्गांची नोंद पाहावी लागते. शिवाय ठसा जुळवायचा तर आधी ठशांचा संग्रह हवा. प्रत्येक तेलक्षेत्राचे आणि संशयित जहाजाचे नमुने हाताशी नसतील, तर प्रयोगशाळा तरी काय करणार? किनारा स्वच्छ करणाऱ्यांनी गोळे उचलण्यापूर्वी त्यातील मूठभर बाटलीत भरून, तारीख आणि ठिकाण लिहून ठेवले, तरी पुढच्या तपासाची निम्मी वाट सोपी होईल. अन्यथा दर पावसाळ्यात किनारा साफ होत राहील आणि खर्चाचा भार मात्र किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्याच माथी पडेल.