पित्ताच्या गोळीआड लपलेला अल्सर

संभाजीनगरहून पैठणला जाताना लागणारं चितेगाव व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे महाराष्ट्रभर माहीत झालं. अशा पाळ्यांवर चालणाऱ्या गावांत पोटातल्या जळजळीचं खापर रात्रपाळी, अवेळी जेवण आणि तिखटावर फुटतं. ते अगदीच खोटं नाही. उशिरा भरपेट जेवून लगेच आडवं झालं की जठरातलं आम्ल अन्ननलिकेत चढतं आणि छातीत जळजळतं. पण जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला पडणारी जखम, म्हणजे अल्सर, हे प्रकरण वेगळं. दोन्हींना ‘पित्त’ म्हणून एकाच गोळीवर भागवणं महागात पडतं.

अल्सरची मुख्य कारणं दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि अंगदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या. मिरचीने जळजळ वाढेल, पण जखम मिरचीने होत नाही. 1982 मध्ये पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला. अल्सर त्याच्यामुळे होतो हे डॉक्टरमंडळींना पटेना, तेव्हा 1984 मध्ये मार्शल तो स्वतःच प्यायले. त्यांच्या जठराला सूज आली (अल्सर नव्हे, कथा सांगताना हे हमखास गाळलं जातं). 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तरी वजनदार पुरावा रुग्णांकडूनच आला. नुसतं आम्ल कमी करणारं औषध थांबवलं की बहुतेकांचा अल्सर वर्षभरात उलटायचा. जिवाणू मारल्यावर तो क्वचितच उलटू लागला.

यावर कुणी म्हणेल, हा जिवाणू निम्म्याहून अधिक भारतीयांच्या पोटात असतो, मग सगळ्यांना अल्सर का होत नाही? प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच सरसकट सगळ्यांना प्रतिजैविकं देणं चूक. अर्धवट घेतलेल्या प्रतिजैविकांना जिवाणू सरावतो, ते संकट आपल्याकडे आधीच मोठं आहे. पण ज्याचं दुखणं महिनोन्‌महिने हटत नाही, त्याने तपासणी टाळायला हे कारण पुरत नाही. शौचाला डांबरासारखं काळं होणं, रक्ताची उलटी, गिळायला त्रास किंवा विनाकारण वजन घटणं दिसलं, तर मेडिकलमधून गोळी न आणता थेट संभाजीनगरचं घाटी रुग्णालय गाठावं. बाकीच्यांना शौचाची किंवा श्वासाची साधी तपासणी पुरते. मात्र आम्ल रोखणारी ओमेप्राझोलसारखी गोळी डॉक्टरांना विचारून निदान दोन आठवडे आधी थांबवावी लागते, नाहीतर जिवाणू असूनही अहवाल कोरा येऊ शकतो.