काच 'आपोआप' फुटत नाही

मोशीच्या खाणींतून खडी भरून निघालेले डंपर पुणे-नाशिक रस्त्यावर दिवसभर धावत असतात. त्यांच्या मागे सापडलेला इथला मुरलेला चालक आधी अंतर वाढवतो. ताडपत्री अर्धवट ओढलेली, मागचा फाळका ढिला, आणि चाक खड्ड्यात आपटलं की चार खडे उडायचेच. पुढच्या काचेवर खडा बसला तर बारीक तारा उमटतो आणि मग तो रोज डोळ्यांत खुपतो. छतावरच्या काचेला मात्र कोणी बघत नाही. गाडी धुणारा पोरगाही तिथे हात पुरेल तेवढाच फडका मारतो.

आमच्या गाडीचं सनरूफ फुटलं ते रस्त्यावर नाही. चिखलीतल्या आमच्या सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये, एप्रिलच्या भर दुपारी, गाडीत कोणी नसताना. वॉचमनकाकांना वाटलं ट्रान्सफॉर्मर उडाला. खाली येऊन बघतो तर काच जागेवरच, पण तिचे हजारो तुकडे एकमेकांना धरून बसलेले. मधला भाग किंचित वर आलेला, आणि काही दाणे टपावर सांडलेले. आतला कापडी पडदा बंद होता म्हणून सीटवर फारसं काही पडलं नाही.

पार्किंगमध्ये निदान करणाऱ्यांची गर्दी जमली. कोणी म्हणालं, वरच्या मजल्यावरून कुंडी पडली. पण माती नाही, खापर नाही, पत्र्याला पोचा नाही. कोणी कबुतरांना दोष दिला, कोणी पोरांच्या क्रिकेटला. बहुमत उन्हाकडे होतं: "उन्हाने आपोआप फुटली."

तळवडे रस्त्यावर काच फिटिंगचं दुकान चालवणारे एक मामा आहेत. फोनवरच त्यांनी बजावलं, "दादा, काही झालं तरी बटण दाबू नका. काच सरकवायला जाल आणि सगळा चुरा रेलमध्ये जाईल. मग काचेचं काम राहील बाजूला, अख्खी मोटर-केबल बदलायची वेळ येईल."

ते आले आणि हत्यारं खाली ठेवून आधी नुसतं बघत राहिले. मग म्हणाले, "रेघा कुठून निघाल्यात ते बघा." लांबून सगळे दाणे सारखे वाटतात, पण नीट पाहिलं की ते एका बाजूला लांबट असतात आणि त्यांची टोकं एका जागेकडे वळलेली असतात. त्या रेघा उलट्या चालत गेलं की फुटीचं मूळ सापडतं. आमच्या काचेत ते पुढच्या काळ्या पट्टीपासून दोन बोटं आत निघालं. तिथे मुगाच्या दाण्याएवढा टवका होता. मामांनी वरून रुंद चिकटपट्टी दाबली, तेवढा भाग अलगद उचलला आणि मोबाइलच्या टॉर्चखाली धरला. ताजा टवका स्वच्छ, चमकता असतो. याच्या पोटात काळपट धूळ आणि गाडी धुतल्याचा साबण साचून घट्ट झाला होता. म्हणजे टवका जुना आणि फूट नवी.

मग इतके दिवस काच टिकली कशी? आणि गेली ती अशी एकदम का? याचं उत्तर काच कशी तयार होते त्यात आहे, आणि ते शोधायला पिंपरी-चिंचवडच्या माणसाला लांब जावं लागत नाही. सँ-गोबँ सेक्युरिटच्या वाहनकाचांचे कारखाने भोसरीला आणि चाकणजवळ कुरुळीला आहेत. वाहनांच्या चाचण्या करणारी 'एआरएआय' पुण्यात १९६६ पासून आहे आणि तिचं एक केंद्र चाकणलाही आहे. मी गेलो ते भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान टफनिंग युनिटमध्ये. तिथे दुकानांच्या दारांच्या आणि शॉवरच्या सपाट काचा होतात. गाडीच्या छताची काच वाकवलेली असते, पण तत्त्व तेच.

काच आधी मापाला कापतात, भोकं पाडतात, कडा घासून गुळगुळीत करतात. हे सगळं आधीच उरकावं लागतं, कारण टफन झालेल्या काचेला नंतर ना कापता येतं ना भोक पाडता येतं. मग ती रोलरवरून भट्टीत जाते. तिथे तापमान ६२० ते ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास चढतं, काच मऊ पडायला लागते, आणि त्याच क्षणी ती बाहेर येऊन वर-खाली लावलेल्या शेकडो नळ्यांच्या तोंडी सापडते. ब्लोअर असा गरजतो की शेजारच्या माणसाशी खुणांनीच बोलावं लागतं. काही सेकंदांत वरचा आणि खालचा थर गार होऊन घट्ट बसतो. पोट अजून गरमच असतं. ते मागाहून गार होतं, आकसायला बघतं, पण बाहेरचे थर आता हलत नाहीत. त्यामुळे पोटात कायमचा ताण राहतो आणि वरच्या थरांत कायमचा दाब.

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवताना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे लगेच कळेल. धाव लाल तापवून चाकावर चढवतात आणि पाणी ओततात. ती आकसते आणि लाकडाला कायमची आवळून धरते. तिथे ताण बाहेर आणि दाब आत, काचेत नेमकं उलटं. पण आवळून धरलेला जोर दोन्हीकडे तसाच दडलेला असतो, आणि त्या जोरावरच चाकही टिकतं आणि काचही.

या दाबामुळे टफन काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते. काच तुटते ती तिच्यातली चीर उघडते तेव्हा, आणि इथे वरचा थर चिरेला उघडूच देत नाही. मात्र तो थर जाडीच्या साधारण एक पंचमांश असतो. ४ मिलिमीटरच्या काचेत प्रत्येक बाजूला जेमतेम ०.८ मिलिमीटर. टवका तेवढ्यात राहिला तर काच वर्षानुवर्षं चालते. चीर ताणाच्या पोटात उतरली की दडलेला सगळा जोर मोकळा होतो आणि तडा सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने पळतो. एवढं मोठं छत सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतं.

युरोपात १७व्या शतकात याच गमतीचा खेळ झाला होता. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की शेपटीचा दाणा बनतो. डोक्यावर हातोडा मारला तरी तो फुटत नाही, पण शेपटीचं टोक मोडलं की अख्ख्याचा भुगा होतो. राजपुत्र रूपर्टने १६६०च्या सुमारास हे थेंब इंग्लंडला नेले, म्हणून त्यांना त्याचं नाव पडलं. आमच्या टपावर त्याच थेंबाचा मोठा भाऊ बसवलेला होता.

युनिटमधल्या सुपरवायझरने एक नमुना फोडून दाखवला. काचेवर पाच सेंटिमीटरचा चौकोन आखायचा, कडेजवळ टोकदार पंच ठेवून ठोका द्यायचा आणि चौकोनातले तुकडे मोजायचे. गाड्यांच्या काचांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ४३ क्रमांकाच्या नियमात अशा चौकोनात किमान ४० तुकडे व्हावे लागतात. तुकडे कमी म्हणजे मोठे, आणि मोठे म्हणजे माणसाला चिरणारे. छताच्या काचेचा असा चुरा झाला म्हणून आपण हळहळतो, पण तिला तसं फुटायलाच बनवलेलं असतं.

'आपोआप' फुटण्याचा एक खरा प्रकार आहे, तोही त्याने सांगितला. काच वितळवताना त्यात निकेलचा कण आला आणि त्याचा गंधकाशी संयोग झाला, तर निकेल सल्फाइडचा डोळ्याला सहज न दिसणारा खडा तयार होतो. ३७९ अंशांच्या वर त्याचं एक रूप, खाली दुसरं. झटक्यात गार केल्यावर तो गरम रूपातच अडकतो आणि पुढे महिने-वर्षं घेत हळूहळू रूप बदलतो. बदलताना तो दोन ते चार टक्के फुगतो. तो नेमका ताणाच्या पोटात असेल तर एक दिवस कोणी हात न लावता काच जाते. त्याची खूण म्हणजे मुळापाशी फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे आणि मधल्या रेघेवर काळा ठिपका. इमारतींच्या काचा म्हणूनच अनेकदा मुद्दाम पुन्हा तापवून ठेवतात, फुटायची असेल ती तिथेच फुटावी म्हणून.

आणखी एक कच्ची जागा म्हणजे कडेची काळी पट्टी. ती रंगवलेली नसते, भट्टीत भाजून चिकटवलेली सिरॅमिकची असते. दक्षिण कोरियाच्या सरकारी चाचणी संस्थेने २०१३ साली पॅनोरॅमिक छतं तपासली, तेव्हा पट्टीखालची काच उरलेल्या काचेपेक्षा दुबळी पडते यावर बोट ठेवलं. हा विषय पुढे संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांच्या व्यासपीठावरही गेला.

आमच्या तुकड्यांत फुलपाखरू नव्हतं, ठिपका नव्हता, आणि मूळ काळ्या पट्टीखाली नव्हतं. राहिलं ऊन. धडधाकट टफन काच एकाच वेळी एका भागात दुसऱ्यापेक्षा सुमारे २०० अंश जास्त तापली तरी सोसते. एप्रिलच्या उन्हात तेवढं होत नाही. पण आधीच जखमी झालेल्या काचेला दिवसा तापणं, रात्री निवणं, ओलावा आणि चाकणच्या खड्ड्यांत बॉडीला बसणारा पीळ यांतलं काहीही पुरतं. चीर केसाकेसाने खाली सरकत राहते. थोडक्यात, खडीच्या दाण्याने घाव घातला आणि उन्हाने शेवट केला.

आता बदलण्याचं काम. मामांनी काचेवर चिकटपट्टीचं जाळं चढवलं, बाजूच्या प्लास्टिक पट्ट्या सोडवल्या, स्टार बिटने दोन्हीकडचे स्क्रू काढले आणि चुरा धरून ठेवलेली अख्खी चौकट एकसंध बाहेर घेतली. वेळ लागला तो पुढे. रेलमधल्या ग्रीसमध्ये काचेचे दाणे रुतलेले होते. तिथे नुसता व्हॅक्युम चालत नाही. सगळं जुनं ग्रीस कापडाने पुसून काढलं, कोपऱ्यांत ब्रश फिरवला, मग नवं ग्रीस लावलं. चार कोपऱ्यांतल्या ड्रेन पाइपांत थोडंथोडं पाणी सोडून ते चाकांपाशी बाहेर येतंय का पाहिलं. कॉम्प्रेसरची जोरदार हवा तिथे मारायची नाही, पाइप आतल्या आत निसटतो आणि पावसाळ्यात छताचं कापड ओलं होतं.

नवी काच ठेवल्यावर स्क्रू एकदम आवळले नाहीत. समोरासमोरचे थोडेथोडे करत नेले. पुढची कड टपापेक्षा नखभर खाली, मागची तितकीच वर, म्हणजे वारा अडकून शिटी वाजत नाही. मग कागदाची पट्टी रबराखाली घालून चारी बाजूंनी ओढून बघितली, सगळीकडे सारखी अडकायला हवी. "एका कोपऱ्यात जास्त आवळलं," मामा म्हणाले, "तर ही पण जाईल, आणि तेव्हा खडीला शिव्या देता यायच्या नाहीत." शेवटी बटण दाबून धरून काच एकदा पूर्ण मागे-पुढे फिरवली. मोटरला दोन्ही टोकं नव्याने ओळखता आली, तरच बोट अडकल्यावर काच उलटी फिरते. मग टपावर पाण्याचा पाइप. आत थेंब नाही.

फुटीचं कारण कळलं याचा उपयोग विम्यात झाला. आपल्याकडच्या सर्वसाधारण मोटर पॉलिसीत बाहेरून झालेल्या अपघाती नुकसानीला भरपाई आहे, झिजेला आणि यांत्रिक बिघाडाला नाही. 'आपोआप फुटली' असं अर्जात लिहिलं की वादाला दार उघडतं. टवक्याचे फोटो आणि डबीत ठेवलेला तो तुकडा बघून सर्व्हेअरने पुढे प्रश्न विचारले नाहीत. काचेवर घसारा कापत नाहीत, रबर-प्लास्टिकवर ५० टक्के कापतात. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २००० रुपये स्वतःच्या खिशातून जातात. क्लेम घेतला की नो-क्लेम बोनसही जातो, म्हणून काच लहान असेल तर आधी हिशेब मांडून बघावा.

तेव्हा सनरूफ फुटलं तर आधी झाडू उचलू नका आणि बटण दाबू नका. वरून, जवळून, तिरक्या उजेडात फोटो काढा आणि रेघा जिथे मिळतात तो तुकडा जपून ठेवा. नवी काच घेताना तिच्या कोपऱ्यातला ठसा, म्हणजे बनवणाऱ्याचं नाव आणि मानकाची खूण, वाचून मगच पैसे द्या. नवी गाडी घेत असाल तर शोरूममध्ये विचारा की छताची काच टफन आहे की लॅमिनेटेड. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असतो, ती तडकली तरी डोक्यावर येत नाही. आणि खडीच्या डंपरमागे असाल तर मागे राहा. चाकणला दहा मिनिटं उशिरा पोचल्याने काही बिघडत नाही, तिथे तसाही ट्रॅफिक जामच असतो.